सनईवाल्याची छाती

शाळेत मी फार गेलो नाही. त्याची मला लाज नाही. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत जन्मभर सनई वाजवली, लग्नं वाजवली, देवळांचे नैवेद्य वाजवले, आणि कितवी शिकलास म्हणून मला कुणी विचारलं नाही. आता गोळ्यांच्या सेंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, आण्णा, तुमच्यासारखं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी लिहा. म्हणून लिहितोय. लोकांना शहाणपण शिकवायची हौस मला नाही.

माझ्यासारखं म्हणजे काय ते आधी सांगतो. मला एचआयव्ही आहे. वय सत्तरीला टेकलंय. आणि हृदयाच्या नळीत जाळी बसवलेली आहे, लोक तिला स्प्रिंग म्हणतात. हे तिन्ही एका माणसात नांदू शकतं हे मला माहीत नव्हतं. ह्या आजाराचा माणूस म्हातारा होतो, हेच मुळी कुणी सांगितलं नव्हतं.

आजार कसा झाला ते मी सांगणार नाही. साखरेच्या पेशंटला कुणी विचारतं का, तू कुठं कुठं जाऊन गोड खाल्लंस?

कळलं तो दिवस

त्या वर्षी ताप जाता जात नव्हता. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटायला लागला. सनई वाजवताना ओठ फुटायचे आणि भरून यायचे नाहीत. रक्त तपासलं. डॉक्टर कागदाकडं बघत बोलला, माझ्याकडं बघितलं नाही. माझी बायको पारू शेजारी उभी होती. तिचंही रक्त घेतलं. तिचं चांगलं निघालं. ते ऐकून मी भिंतीला हात लावला, एवढंच. रडलो नाही.

बाहेर चहाच्या गाड्याजवळ बसलो. पारूनं विचारलं, "सुभाषला सांगायचं?"

"न्हाई."

"मोठा झाल्यावर?"

"कवाच न्हाई."

चहा तसाच राहिला. सुभाष आमचा एकुलता मुलगा. तेव्हा शाळेत होता आणि सनईसाठी जीव टाकत होता. त्याच महिन्यात मी त्याला सनई देणार होतो.

देणार म्हणजे कशी, ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सनईच्या टोकाला ताडाच्या पानाची पत्ती असते. ती तोंडात धरून फुंकायची. आमच्या घरात चाल अशी, की पोराला नवी पत्ती द्यायची नाही. बापानं थोडं वाजवायचं आणि आपल्या तोंडातली ओली पत्ती काढून तशीच पोराच्या ओठात ठेवायची. माझ्या बापानं मला अशीच दिली, त्याच्या बापानं त्याला. तिथून शिकणं सुरू होतं. त्याआधीचं सगळं खेळणं.

आता माझ्या ओठाला रक्त, आणि रक्तात हे. ताट-वाटीनं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही, असं सेंटरवर सांगितलं होतं. पत्तीचं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सनईवाला हे कळलं असतं, आणि सनईवाल्याला सगळं गाव तोंडानं ओळखतं. सेंटरवर मी मजूर म्हणून नाव लावलं होतं. मग मी पत्ती द्यायचं पुढं ढकललं. आज नको, अमावस्या होऊ दे, परीक्षा होऊ दे.

एका दुपारी मी वाजवून सनई खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला गेलो. येऊन बघतो तर सुभाषनं ती उतरवून तोंडाजवळ नेलेली. मी झडप घालून हिसकावली आणि त्याच्या कानाखाली ठेवून दिली. "तुझ्या तोंडाची चीज न्हाई ही," असं म्हणलो. तो रडला नाही. माझ्यावर गेलाय. परत सनईला हात लावला नाही.

मोठा झाल्यावर त्यानं मंडप आणि साउंडचा धंदा काढला. माणसाएवढे काळे स्पीकर. ज्या लग्नात ते लागतात तिथं सनई कुणाला ऐकू येत नाही. मी त्यांना डबे म्हणायचो. तोही गप ऐकून घ्यायचा. एका घरात राहिलो, एका ताटलीतल्या शेंगाचटणीला दोघांनी भाकरी लावली, पण बाप-लेकाचं बोलणं कामापुरतं. त्याला कारण माहीत नव्हतं. मला होतं.

वळसंगचं लग्न

गोळ्यांनी मला उभं केलं, हे खरं आहे. चुकवल्या नाहीत. वर्षं गेली, तपासणीत विषाणू दबलेला यायचा, वजन भरलं, मी परत वाजवायला लागलो. मला वाटलं, जिंकलो. मी सनईवाला हे एव्हाना सेंटरवरच्या मॅडमना मी सांगून टाकलं होतं. त्या म्हणायच्या, वय वाढतंय, रक्तदाब बघा, तंबाखू सोडा, हा आजार दबला तरी आतल्या आत थोडा धुमसत असतो आणि त्यानं हृदयाच्या नळ्या लवकर खराब होतात. मी म्हणायचो, मॅडम, माझ्या छातीची काळजी करू नका. सनईवाल्याची छाती आहे.

तीच चूक. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र असतं बघा, हार्ट अटॅकची लक्षणं: छाती भरून येणं, जबडा दुखणं, डावा खांदा धरणं, घाम. अहो, लग्नाच्या दिवसांत मला हे सगळं रोज असायचं. दिवसभर फुंकल्यावर जबडा दुखणार नाही तर काय होणार? म्हणून वळसंगच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी जबड्यात कळ आली, तेव्हा मी पत्ती नीट केली आणि परत फुंकलं. कळ खांद्यात उतरली. मी सनई दुसऱ्या अंगाला वळवून फुंकलं.

माझा चुलतभाऊ सिद्राम शेजारी बसून सूर धरत होता. त्याच्या सनईतनं एकच सूर निघतो, सबंध वेळ, मध्ये तुटायचा नाही. माझी सनई थांबली आणि त्याचा एकटा सूर चालू राहिला. तो डोळ्यांनी विचारत होता, काय झालं. सूर सोडून तोंडानं विचारायची त्याला सवय नाही. मी कलंडलो तेव्हा त्यानं सोडला.

त्या लग्नाचा मंडप सुभाषचा होता. त्यानं पोरांना ओरडून टेम्पोतले स्पीकर खाली टाकायला लावले आणि मला आत झोपवलं. सोलापूर येईपर्यंत त्याचा एक हात माझ्या छातीवर होता. तो हात मला आठवतो.

रक्ताची तपासणी

मोठ्या हृदयाच्या दवाखान्यात भरती केलं. छातीला वायरी, नाकात नळी, डोक्यावर यंत्र. डॉक्टर तरुण होता, चांगलं बोलायचा. त्यानं विचारलं, "बाबा, आधीची कुठली औषधं चालू आहेत?"

"कसलीच न्हाईत."

पायथ्याशी पारू उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. संध्याकाळी ती पदराच्या गाठीत माझी रोजची गोळी घेऊन आली. मी तोंड फिरवलं. खोलीत दुसरे पेशंट, त्यांची माणसं, सिस्टर. कुणी विचारलं कसली गोळी, तर? इतक्या वर्षांत न चुकवलेली गोळी मी तिथं चुकवली. दुसऱ्या दिवशीही. तुम्ही असं करू नका. मी केलं म्हणून सांगतोय.

मग डॉक्टर सुभाषला घेऊन आला. म्हणाला, "सध्या धोका टळलाय, पण एक नळी जवळजवळ बंद आहे. हातातून तार नेऊन जाळी बसवू. त्याआधी रक्ताच्या तपासण्या करू. साखर, किडनी, कावीळ, एचआयव्ही. सगळ्यांच्याच करतो."

शेवटचा शब्द कानावर पडला आणि माझं ठरलं.

"मला न्हाई करायचं. घरी सोडा."

डॉक्टरनं समजावलं. परत अटॅक आला तर दवाखान्यापर्यंत पोचणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मी म्हणलो, बरं. तो गेल्यावर सुभाष वाकून हळू आवाजात बोलायला लागला.

"आण्णा, का न्हाई?"

"माजी छाती हाय. माजं मी बघतो."

"भ्यालाय तुमी."

"कोण भ्यालं?"

"मग काय हाय? एक तार घालायची. भूल पन देत न्हाईत सगळी. त्या पलीकडच्या म्हातारीनं घातली, चहा पीत बसलीय बघा."

"तुला काय कळतंय ह्यातलं? जा, डबे सांबाळ तुझे."

त्याचा चेहरा उतरला. तो बाहेर गेला आणि पारू पुढं आली. आयुष्यात ती माझ्यावर आवाज चढवून बोललेली नाही. तेव्हाही चढवला नाही.

"आवं, तुमी गप ऱ्हा म्हणलात, मी ऱ्हायले. आता तुमाला मातीत घालताना पन गप ऱ्हाऊ?"

"पारू, हितं नको."

"मग कुटं? वर? तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते. पर माज्या तोंडनं ऐकलं तर पोरगं म्हणंल, बापाला हिंमत झाली न्हाई."

ती मला ओळखते. भीतीला मी दाद दिली नसती, मरणालाही नाही. पण मला हिंमत नाही असं माझा मुलगा म्हणणार, हे मला सोसवलं नसतं. मी म्हणलो, बोलव त्याला आणि पडदा ओढ.

पडद्याच्या आत

तो आला. मी म्हणलो, "बस."

"उभाच बरा हाय."

"सुभ्या, मला एचआयव्ही हाय. लई वर्सांपासनं."

मी तोंड दगडासारखं ठेवलं होतं. पण डोक्यावरच्या यंत्रात माझं काळीज कसं पळतंय ते सगळ्यांना दिसत होतं. सुभाष माझ्याकडं नाही, त्या यंत्राकडंच बघत राहिला. माणसाला लपवायला काही जागाच ठेवत नाहीत तिथं.

मग त्यानं विचारलं, "आईला?"

"मला न्हाई रे," पारू म्हणाली. "तपासत असते मी."

"कवापासनं म्हणला?"

"तू साळंत हुतास," मी म्हणलो.

तो मनात काहीतरी जुळवत होता. जुळलं तेव्हा मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"त्या दिवशी सनई हिसकावली माज्या हातनं..."

"व्हय. पत्ती वली हुती. वठ फुटलेला हुता माजा."

"तसं हुत न्हाई ते. थुकीनं हुत न्हाई. आमाला साळंत शिकवलंय."

"रगत हुतं त्यात. मला काय म्हाईत?"

"मग दुसरी पत्ती लावायची की, आण्णा." त्याचा आवाज फाटला. "नवी पत्ती. डबीभर असायच्या तुमच्याकडं."

"आपल्या घरात चाल..."

"चालीपायी?"

मी त्याला वाचवलं असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. वाचवायचं तर नव्या पत्तीनंही वाचला असता. चाल मोडायला नको, म्हणून मी सगळंच मोडलं, आणि कारण सांगायचं नाही म्हणून त्याच्याच तोंडात खोट काढली. तो पडदा सारून गेला. मला वाटलं, गेला.

गेला नव्हता. डॉक्टरला घेऊन आला, माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, "सांगा ह्यास्नी. तुमीच सांगा."

मी सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. कुठली गोळी चालू आहे ते कळलं म्हणजे त्या गोळीशी न भांडणारी औषधं निवडता येतात. आणि ती गोळी आजच सुरू करा, आता चुकवू नका." बस, एवढंच. ज्याच्यासाठी मी मरायला निघालो होतो, त्यावर त्याचं बोलणं एवढंच. नंतर एका सिस्टरनं माझं रक्त घेताना हातमोज्यांवर हातमोजे चढवले. दुसरीनं रोजच्यासारखाच माझा हात धरला. दोघींनी काम नीट केलं. पहिलीचा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसरीचं नाव मी विचारून घेतलं.

जाळी बसली.

घरातली शांतता

घरी आल्यावर सुभाषनं सगळं केलं. औषधं आणली, रिक्षा आणली, गादी खाली घातली. बोलला नाही. "घ्या", "चला", "झालं का", एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सून कविता, तिला त्यानं सांगितलं होतं. मला वाटलं आता ताट वेगळं होणार. तिनं माझं ताट सगळ्यांच्या ताटांतच मांडलं, फक्त भाकरीत मीठ घातलं नाही आणि चटणीची वाटी उचलून नेली.

"चटणी?" मी विचारलं.

"डॉक्टरला विचारा, मामा. मी न्हाई देणार." मग भाकरी मोडत म्हणाली, "ह्या घरात दोन गडी तोंडं शिवून बसल्यात. मी आपली टीव्हीशी बोलते."

तंबाखू सुटली. ती कशी सुटली त्यावर वेगळं लिहावं लागेल. चालणं सुरू झालं, आधी दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. सगळ्यात वाईट गोष्ट डॉक्टरनं फेरतपासणीला सांगितली. सनई बंद. फुंकायचा जोर ह्या छातीला नको. मी विचारलं, किती दिवस? त्यानं दिवस सांगितले नाहीत.

त्या दिवसापासून मला नुसतं बसलं तरी भीती वाटायला लागली. छातीत जरा काही हललं की वाटायचं, आली. रक्तदाब चढायचा. झोप जायची. सिद्राम भेटायला आला आणि माझ्या जागी दुसरा सनईवाला बघितला म्हणाला, त्या दिवशी तर पारूनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

बसणं

सेंटरवर साठीच्या पुढच्या लोकांचा एक गट आहे. आठवड्याला एकदा, गोळ्या घ्यायला आलं की वरच्या खोलीत सतरंजीवर बसतात, डोळे मिटतात आणि श्वासाकडं बघतात. मॅडम त्याला सजग बसणं म्हणतात. अटॅकच्या आधी मला बोलावलं तेव्हा मी हसलो होतो. सनईवाल्याला श्वास शिकवणार? गालात वारा साठवायचा, तो फुंकत फुंकत नाकानं नवा घ्यायचा आणि सूर मध्ये तुटू द्यायचा नाही, हे मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय. आता गेलो, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. सुभाष स्कूटरवर नेऊन सोडायचा आणि बाहेर लिंबाखाली थांबायचा.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, श्वास जसा येतो तसा येऊ द्या, फक्त बघा. मी दाखवूनच दिलं. पोटातून ओढला, धरला, सोडला, लांबच लांब. शेजारची माणसं मला कच्ची वाटत होती. थोड्या वेळानं डोळ्यांपुढं काजवे आले आणि मी भिंत धरली.

मॅडम पाणी घेऊन आल्या. "आण्णा, तुम्ही ढकलताय. ढकलू नका."

"ढकलल्याबिगर वारा येतोय व्हय?"

समोर एक म्हातारी बसते, जन्मभर विड्या वळल्या तिनं. नाव लिहीत नाही. ती म्हणाली, "झोपल्यावर कोन ढकलतंय तुमचा? तुमची मालकीन का?"

सगळे हसले. मला राग आला. पुढच्या आठवड्यात जायचं नाही ठरवलं आणि गेलो. कारण ती म्हातारी म्हणाली असती, आण्णा पळाले.

मला ते लई दिवस जमलं नाही. श्वासाकडं बघितलं की मी लगेच त्याला हातात घ्यायचो. लांब करायचो, सरळ करायचो. जन्मभर तेच केलं होतं. श्वास म्हणजे माझी सत्ता, तो मी म्हणेन तसा चालणार. तो आपला आपण येतो, आखूड येतो, कधी वेडावाकडा येतो, आणि तरी माणूस जगतो, हे कबूल करायला मला जड गेलं. मॅडमनी युक्ती सांगितली. म्हणाल्या, नाकाकडं नका बघू. पोटावर हात ठेवा आणि हात वर-खाली होतोय तेवढं बघा. हात जणू दुसऱ्याचा आहे असं समजा. तेव्हा मला टेम्पोतला सुभाषचा हात आठवला. त्या हाताखाली माझा श्वास कसाही चालला होता, मी काही करत नव्हतो. तसं बसलो. एक श्वास आला, मी ढकलला नाही. गेला. दुसरा आला.

त्यानं काय होतं, ते भाबडेपणानं सांगणार नाही. डोळे मिटल्यानं नळी उघडत नाही. नळी तारेनं उघडली. विषाणू गोळीनं दबतो, रक्तदाब गोळीनं आणि चालण्यानं उतरतो. बसण्यानं एवढं झालं, की छातीतली भीती आणि छातीतलं दुखणं हे दोन वेगळे आहेत, हे मला ओळखू यायला लागलं. भीती येते, चढते, बघत राहिलं की उतरते. राग पण तसाच. पण खरी कळ आली, घाम फुटला, जबडा धरला, तर श्वास बघत बसू नका. माणूस हाक मारा आणि दवाखाना गाठा. मी वळसंगला केलं ते करू नका.

घरात मात्र तसंच होतं. सुभाष न्यायचा, आणायचा, बोलायचा नाही. मी एकदा म्हणलो, आत येऊन बस, ऊन आहे. तो म्हणाला, बरा हाय हितं. मी बसायला शिकलो होतो, पण पोराशी काय बोलायचं ते कुणी शिकवत नाही.

त्या दिवशी

परवा मॅडम म्हणाल्या, कुणाच्या घरचं माणूस बाहेर थांबलं असेल तर आज आत बोलवा, त्यांनीही बसून बघावं. मी हललो नाही.

"आण्णा, तुमचं पोरगं लिंबाखाली हाय की," विडीवाली म्हणाली. "मोबाईल बघतंय."

"त्याला येळ न्हाई."

"त्याला न्हाई, का तुमाला तोंड न्हाई?" असं म्हणून ती गुडघ्यावर हात ठेवत उठली आणि खिडकीतून हाक मारली, "ए बाळा, वर ये. बाप बोलवतोय."

मी बोलावलं नव्हतं. तो आला. दारात थांबून सगळ्यांकडं बघितलं. त्यातला एक माणूस त्याच्या ओळखीचा निघाला, त्याच्याच मंडपात पोरगी उजवलेला. तो माणूस रुमालात तोंड लपवायला लागला. सुभाषनं त्याला नमस्कार केला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हे आमचे वडील." त्या माणसानं रुमाल खाली घेतला. जागा माझ्याच शेजारी होती. सुभाष बसला.

डोळे मिटले. माझा श्वास आला, गेला. मग मला त्याचा ऐकू यायला लागला.

आमच्या धंद्यात माणसाचा दम शेवटाला ओळखतात. सुरुवात सगळ्यांची चांगली असते. वारा संपत आला की तो थरथरतो, तिथं कळतं. मी लोकांची किती पोरं त्यावरून परत पाठवली असतील. सुभाषचा श्वास आत गेला, थोडा थांबला आणि बाहेर यायला लागला. येतच राहिला. मी शेवटाची वाट बघत होतो. शेवट आला आणि हलला नाही. परत तसाच. कुणी शिकवलेलं नाही, मंडपाचे बांबू आणि स्पीकर उचलून जन्म गेला, आणि दम असा. असा माझा नव्हता. माझ्या बापाचाही नव्हता.

मॅडमनी सांगितलं होतं, मन भरकटलं की परत आपल्या श्वासावर आणा. मी आणलं नाही. ऐकत बसलो.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली. मी मागून म्हणलो, "सुभ्या."

"हं."

"तुजा दम लांब हाय. शेवटाला हालत न्हाई. मी आज आयकला. तुज्या तोंडाची चीज हुती ती."

सिग्नल सुटला, मागच्या गाड्या वाजायला लागल्या. त्यानं स्कूटर कडेला घेतली, पाय टेकवला. वळला नाही.

"आता सांगताय व्हय, आण्णा."

ते बोलणं छातीत जाऊन बसलं. पूर्वीचा मी असतो तर बापाशी कसं बोलतोस म्हणून आवाज चढवला असता, आणि राग चढायला लागलाच होता, मला कळलं. मी त्याला ढकललं नाही, अडवलंही नाही. तो आला आणि गेला.

"व्हय," मी म्हणलो. "आता."